झटका आणि जीव

वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरच्या शिवारात कपाशी, तूर, हरभरा उभा असला की रोही अन् रानडुकरं येतात. शेतकऱ्याच्या नशिबी जागल. कंटाळून कुणी कुंपणात थेट घरगुती वीज सोडतो. हा गुन्हा तर आहेच, पण २३० व्होल्टचा तो प्रवाह अखंड असतो. स्नायू आखडतात, सुटका होत नाही. ब्रह्मपुरीहून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७मध्ये वर्धा जिल्ह्यातच अशा तारेवर मेली.

याउलट सौर कुंपणात व्होल्ट हजारोंत, तरी जीव वाचतो. कारण झटका सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता. पुढे सुमारे सेकंदभर तार शांत. तेवढ्यात जनावर मागे उडी मारतं. मात्र तारेला गवत टेकलं की झटका मंदावतो. तण काढायचा आळस इथे महागात पडतो.