संत्र्याच्या सालीचं लिक्युअर, घरच्या घरी

इचलकरंजीच्या बाजारात हातगाड्यांवर नागपुरी संत्री दिसायला लागली की साली फेकू नका मंडळी. इटलीत लिंबाच्या सालीपासून लिमोन्चेल्लो करतात, त्याच रीतीने आपल्या संत्र्याचं लिक्युअर झकास होतं.

सगळा सुगंध सालीच्या केशरी थरातल्या तेलात असतो. साल दुमडून दाबली की डोळ्यांत फवारा उडतो ना, तेच ते तेल. ते पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. आठ संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसून सोला आणि आतला पांढरा भाग चमच्याने नीट खरवडून काढा. इथे कंटाळा केलात तर अख्खी बाटली कडू झालीच म्हणून समजा! साली ५०० मिली व्होडकात, काचेच्या बरणीत, अंधारात आठवडाभर मुरवा. मग गाळून, २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्याचा पूर्ण गार केलेला पाक घाला. मिश्रण गढुळलं तर घाबरू नका. पाण्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब सुटे होतात. आपल्याकडची व्होडका बहुधा ४२.८ टक्क्यांची असते, तयार लिक्युअर साधारण २६ टक्क्यांचं होतं.

लिंबाचं करायचं असेल तर कागदी लिंबाची साल फार पातळ. त्यापेक्षा ईडलिंबू मिळालं तर जरूर घ्या.

आणि हे कळकळीने सांगतो: व्होडका परवान्यावर, अधिकृत दुकानातूनच घ्या. घरी दारू गाळणं गुन्हा आहे. कारखान्यातलं स्पिरिट तर चुकूनही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं. त्याने दृष्टी जाते, जीवही जातो.