किडनी म्हणजे बारीक नसांचं जाळं

दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातल्या बचतगटांत बसलं की पाण्याचा विषय निघतोच. आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा! गावात कोणाची किडनी गेली की आपण म्हणतो, "खाऱ्या पाण्यानं गेली." त्या पाण्यातून पोटात मीठ जातं आणि मिठानं बीपी चढतं, हे खरं. पण सगळा दोष पाण्यावर टाकला की घरातल्या बीपी-शुगरकडे लक्षच जात नाही.

किडनीत असतं काय? बारीक रक्तनलिकांचे गुच्छ, एका किडनीत सुमारे १० लाख. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा इथे येऊन गाळला जातो. संत्र्याच्या बागेतल्या ठिबकवर मोटारीचा दाब रोज जास्त पडला तर नळ्या किती टिकतील? तसंच इथे. बीपी चढलेलं राहिलं की नलिका जाड आणि अरुंद होतात, पुढे रक्त कमी पोचतं आणि गुच्छ मरतो. शुगर वाढलेली राहिली की गाळणी ढिली पडते आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात.

मेलेला गुच्छ परत येत नाही. त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, तेही लवकर थकतात. शिवाय रक्त कमी मिळालेल्या किडनीला वाटतं, शरीराचाच दाब उतरला. मग ती बीपी आणखी चढवते. वर्षानुवर्षं हळू चाललेला आजार एकदम धावतो, तो असा.

आणि यात दुखत काहीच नाही. म्हणून "आता बरं वाटते" म्हणत बाया बीपीची गोळी सोडतात. बरं वाटतं ते गोळीमुळेच! डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. उलट निंदणाच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या किडनीकडे जाणारी नलिका आवळतात. उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच धोका. खर्राही नसा आवळतो, हे घरच्या पुरुषांना सांगा.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. लोणचं, पापड, ठेचा सगळं त्यातच. सैंधव हेही मीठच.

तिशीपुढच्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात फुकट तपासतात. बीपी किंवा शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, दोन्ही तपासून घ्या. नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नका. ते बऱ्याचदा किडनीचं अर्धं काम गेल्यावरच वाढलेलं दिसतं. लघवी आधी सांगते.