मिठाची बॅटरी आणि करवंटीचा कोळसा

‘मिठापासून बॅटरी’ हा मथळा गेल्या चार-पाच वर्षांत ठरावीक अंतराने वाचायला मिळतो. चीनच्या ‘सीएटीएल’ने 2021 च्या जुलैत सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली तेव्हा तो झळकला. वर्ष सरता सरता रिलायन्सने इंग्लंडमधल्या शेफील्डची ‘फॅराडियन’ ही कंपनी 10 कोटी पौंडांना घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो पुन्हा आला. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या ‘केपीआयटी’ने ‘आयसर’ पुणे इथल्या संशोधनावर उभं राहिलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान लोकांसमोर मांडलं, तेव्हाही आला. येत्या दशकात कोणते उद्योग वर येतील, असं विचारणारी पत्रं या स्तंभाकडे येतात, त्यांत या बॅटरीचं नाव हटकून असतं. एका वाचकाने तर थेट विचारलं आहे, की मग आपल्या मिठागरांना सोन्याचे दिवस येणार का?

मिठागरांचं उत्तर एका वाक्यात देता येतं: नाही. पृथ्वीच्या कवचात सोडियम लिथियमच्या हजारपट आहे, हे खरं. पण ते इतकं स्वस्त आहे की बॅटरीच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य असतो. लागणारं सोडियम येतं धुण्याच्या सोड्यातून, आणि तो गुजरातेत मिठापूरला कित्येक दशकांपासून ढिगांनी तयार होतो. पैसा, अक्कल आणि अडचण दुसऱ्याच ठिकाणी आहे. ती आहे कोळशात.

लिथियम बॅटरीच्या ऋण बाजूला ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बनचे एकावर एक नीट रचलेले पापुद्रे. चार्ज करताना लिथियमचे आयन या पापुद्र्यांच्या मधे जाऊन बसतात, वापरताना बाहेर पडतात. ग्राफाइटमध्ये सोडियम मात्र बसत नाही. का? सोडियमचा आयन मोठा, त्याला जागा पुरत नाही, असं उत्तर बहुतेक ठिकाणी सापडतं. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे आवर्त सारणी समोर धरली की शाळेतल्या मुलालाही दिसतं. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा आहे आणि तो ग्राफाइटमध्ये छान बसतो! खरं कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. कॅलटेकमधल्या विल्यम गोडार्ड यांच्या गटाने 2016 मध्ये तो हिशेब मांडला. लिथियम इवलासा असल्यामुळे कार्बनला घट्ट धरून ठेवतो. पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन सहज सोडून देतो, म्हणून त्याचंही जमतं. सोडियमकडे पहिल्याइतकी पकड नाही आणि दुसऱ्याइतका दिलदारपणाही नाही. मधल्या मधे तो अडकतो.

मग सोडियमसाठी वेगळा कार्बन शोधावा लागला. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स आणि डान यांनी 2000 मध्ये ग्लुकोज भाजून केलेल्या कार्बनमध्ये सोडियम साठवून दाखवलं. दर ग्रॅममागे सुमारे 300 मिलीअँपिअर-तास, म्हणजे लिथियमसाठी ग्राफाइट जेवढं देतं त्याच्या बरंच जवळ. हा ‘हार्ड कार्बन’. त्याची रचना सांगायला त्यांनी पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली, आणि मला ती फार आवडते. पत्त्यांचा कॅट नीट रचला की ग्राफाइट. तेच पत्ते वाकडेतिकडे एकमेकांना टेकवले की मधे पोकळ्या राहतात, काही जागी दोन-तीन पत्ते समांतरही येतात. सोडियम आधी त्या समांतर फटींत शिरतो, मग पोकळ्यांत भरतो.

असा कार्बन असतो, आणि तो कितीही तापवला तरी त्याचं ग्राफाइट होत नाही, हे कुणी दाखवलं? इथे जे नाव येतं ते बॅटरीवरच्या लेखांत क्वचितच दिसतं: रोझलिंड फ्रँकलिन.

त्यांचं नाव डीएनएच्या छायाचित्राशी इतकं जोडलं गेलं आहे, की त्या आयुष्यातली बरीच वर्षं कोळशाच्या शास्त्रज्ञ होत्या हे बाजूलाच राहतं. 1942 साली, ऐन महायुद्धात, बावीस वर्षांच्या फ्रँकलिन ब्रिटिश कोळसा-वापर संशोधन संस्थेत रुजू झाल्या. कोळशात सूक्ष्म छिद्रं किती आणि केवढी, हा प्रश्न होता. त्यांनी कोळशाची घनता वेगवेगळ्या द्रवांत आणि हेलियम वायूत मोजली. हेलियमचा अणू अतिसूक्ष्म छिद्रातही शिरतो, मिथेनॉलचा रेणू तिथे अडतो, बेंझीनचा त्याआधीच अडतो. घनतेच्या आकड्यांतला फरक म्हणजेच छिद्रांच्या तोंडांचं माप. केवळ वजन आणि आकारमान मोजून अणूच्या पातळीवरची दारं किती रुंद आहेत ते सांगायचं! या कामावर त्यांना 1945 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

पुढे 1947 पासून त्या पॅरिसमध्ये जॅक मेरिंग यांच्याकडे क्ष-किरणांचं तंत्र शिकल्या आणि ते कार्बनला लावलं. वेगवेगळ्या पदार्थांपासून केलेले कोळसे त्यांनी जवळपास 3000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. काहींचे पापुद्रे हळूहळू जुळत गेले आणि ग्राफाइट झालं. काही मात्र त्या आचेतही अडून राहिले: लहान लहान स्फटिक, सगळ्या दिशांना वळलेले, एकमेकांना आडवे बांध घालून जखडलेले, मधे पोकळ्या. दोन जाती आणि त्यामागचं कारण, दोन्ही त्यांनी 1951 च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं. आज सोडियम बॅटरीच्या बहुतेक कारखान्यांत जो काळा भुगा गोणींनी येतो, तो यातल्या दुसऱ्या जातीचा. 1958 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, फ्रँकलिन गेल्या. लिथियम बॅटरी बाजारात यायला त्यानंतर 33 वर्षं लागली. बॅटरीसाठी त्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि तरी या उद्योगाचा पाया रचणाऱ्यांत त्यांचं नाव वर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हार्ड कार्बन कशापासून करतात? लाकडापासून, राळेपासून, स्टार्चपासून. पण व्यापारी मालात नाव मोठं आहे ते नारळाच्या करवंटीचं. जपानच्या ‘कुरारे’ कंपनीचा हार्ड कार्बन करवंटीचा आहे. कोकणात करवंट्या बंबात जातात. तामिळनाडूत त्यांचा कोळसा करून त्यापासून पाणी गाळण्याचा सक्रिय कार्बन बनवणारा मोठा धंदा आहे. मग हाच माल बॅटरीत घाला, असं कुणालाही सुचेल. पण तो तसाच चालत नाही. सक्रिय कार्बनची छिद्रं मुद्दाम उघडी ठेवलेली असतात. बॅटरीत उघडं छिद्र म्हणजे तोटा. पहिल्याच चार्जिंगला तिथे सोडियम अडकतं, त्याचा थर बसतो आणि ते परत येत नाही. पोकळी हवी, पण तिचं तोंड बॅटरीतल्या द्रवासाठी बंद हवं. त्यासाठी आधी करवंटीच्या राखेतले पोटॅशियमसारखे क्षार धुऊन काढायचे, मग हवेशिवाय 1200 ते 1500 अंशांवर भाजायचं, आणि आच व वेळ अशी सांभाळायची की छिद्रं मिटावीत पण पोकळ्या उराव्यात. छिद्रं मिटली की नाही ते कसं तपासतात? हेलियममध्ये घनता मोजून. ऐंशी वर्षांपूर्वीची फ्रँकलिन यांची युक्ती आजच्या गुणवत्ता-प्रयोगशाळेत रोज वापरात आहे. हे सगळं नीट जमवणारा हार्ड कार्बन ग्राफाइटपेक्षा महाग पडतो. ज्याला या उद्योगात उतरायचं आहे त्याने लक्ष इथे द्यावं.

आता उत्साहाला थोडा लगाम. सोडियमचा स्पर्धक एका जागी उभा नाही. एक किलोवॉट-तास साठवणाऱ्या लिथियम बॅटरीला साधारण 600 ग्रॅम लिथियम कार्बोनेट लागतं. 2022 च्या अखेरीस चीनमध्ये त्याचा भाव टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेला होता, म्हणजे दर किलोवॉट-तासामागे नुसत्या लिथियमचे चार हजार रुपयांच्या आसपास. तेव्हा सोडियमचं गणित झकास दिसत होतं. दोन वर्षांत भाव एक लाख युआनच्याही खाली आला, चार हजारांचा तो खर्च सातशे रुपयांवर आला आणि गणित कोलमडलं. अमेरिकेतल्या ‘नॅट्रॉन’ने ऑगस्ट 2024 मध्ये 1.4 अब्ज डॉलरचा सोडियम बॅटरी कारखाना जाहीर केला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीच बंद पडली. (आपल्याकडे जम्मूतल्या रियासीला लिथियम सापडल्याचा 2023 मधला जल्लोष आठवा. पुढच्याच वर्षी त्या खाणपट्ट्याचा लिलाव बोलीदारांअभावी रद्द झाला.)

लिथियमची दुसरी आघाडी अनुभवाची. विमान अभियंते थिओडोर राइट यांनी 1936 मध्ये दाखवलं होतं, की आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की प्रत्येक विमानामागचे श्रम सुमारे वीस टक्क्यांनी घटतात. सौर पट्ट्यांच्या किमती साधारण याच वाटेने उतरल्या. भारतात 2010 च्या लिलावात सौर वीज युनिटला 11 ते 13 रुपये होती, डिसेंबर 2020 मध्ये गुजरातेत बोली 1 रुपया 99 पैशांवर आली. लिथियमने अशा कितीतरी दुपटी ओलांडल्या आहेत आणि सोडियम पहिल्या पायऱ्यांवर आहे. त्याला एकच मोठा आधार: लिथियम सेलची बरीचशी यंत्रं सोडियमलाही चालतात, त्यामुळे तेवढी शिकवणी फुकट मिळते.

शिवाय काही गुण त्याचे स्वतःचे आहेत. सोडियम ॲल्युमिनियमशी संयोग पावत नाही, म्हणून तांब्याच्या महाग पत्र्याऐवजी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच चालतं. याच कारणाने सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून निर्धास्त पाठवता येतो. लिथियम सेल इतका उतरवला तर त्यातलं तांबं विरघळायला लागतं. कडाक्याच्या थंडीत सोडियम चांगलं चालतं. वजनात मात्र ते मागे पडतं, म्हणून मोबाइलमध्ये ते येण्याची वाट पाहू नये. जिथे वजनाचं ओझं नाही तिथे ते आधी येईल: सौर प्रकल्पाशेजारची साठवण, घरचा इन्व्हर्टर, मोबाइल टॉवरची खोली, फार तर ई-रिक्षा. चीनच्या हुबेई प्रांतात 2024 मध्ये 100 मेगावॉट-तासांचं सोडियम साठवण केंद्र सुरू झालंही. पुढच्या वेळी ‘मिठाची बॅटरी’ बातमीत आली की दोन आकडे शोधा: पहिल्या चार्जिंगला किती टक्के सोडियम परत येतं, आणि हार्ड कार्बनचा किलोचा भाव काय आहे.