नाण्यांची पारख : सराफाच्या कसोटीपासून सीलबंद डबीपर्यंत

तळहातावर मावेल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची एक चपटी डबी. मधोमध चांदीचा रुपया घट्ट बसविलेला आणि वरच्या पट्टीवर देश, सन, मूल्य, एक अनुक्रमांक व 'एम.एस. ६३' अशी अक्षरे. नाणीसंग्राहकांच्या प्रदर्शनांत आणि लिलावांच्या सूचिपत्रांत अशी डबी आता सर्रास दिसते. संग्राहक तिला 'स्लॅब' म्हणतात. त्याच सनाचा, त्याच टांकसाळीचा सुटा रुपया शेजारी ठेवला तर त्याला बरीच कमी किंमत येते. हा फरक चांदीचा नसून डबीवर छापलेल्या अंकाचा आहे. तो अंक कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि त्यावर कितपत विसंबावे, हे ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या काळची नाणी आहेत त्यांनी तरी जाणून घेतले पाहिजे.

नाणे पारखणे ही कला आपल्याकडे नवी नाही. 'सराफ' हा शब्दच अरबी 'सर्राफ'वरून आला आणि त्याचे मूळ काम दागिने विकण्याचे नव्हे, तर नाणी तपासून बदलून देण्याचे होते. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त शाही टांकसाळीचे वर्णन करताना दरोगा, अमीन यांच्याबरोबर सैरफी, म्हणजे पारखी, याचे पद सांगितले आहे. सोन्याच्या शुद्धतेविषयी तो लिहितो की इराणात दहापर्यंतच दर्जे मानतात व सर्वांत शुद्ध सोन्याला 'दहदही' म्हणतात. हिंदुस्थानात मात्र बारा दर्जे असून उत्तम सोने 'बारहबानी' ठरते. गुणवत्तेला अंक देण्याची कल्पना अशी चारशे वर्षांपूर्वीच येथे रुळलेली होती. मराठीतील 'बावनकशी' हा शब्दही त्याच कसोटीच्या दगडाची आठवण ठेवून आहे.

पण सराफाची पारख आणि आजची पारख यांत एक मूलभूत अंतर आहे. सराफाला पाहायची होती ती धातूची शुद्धता आणि वजन. रुपया जुना झाला की झिजला असे गृहीत धरून त्यावर बट्टा आकारला जाई. नव्या 'सिक्का' रुपयाचा भाव वेगळा, जुन्या 'सनवात' रुपयाचा वेगळा. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो ते याच व्यवहारावरून. चांदी आतपर्यंत खरी आहे की नुसता मुलामा, हे पाहण्यासाठी सराफ रुपयावर बारीक ठसा किंवा छेद मारीत. त्या काळी अशी खूण म्हणजे विश्वासाचे चिन्ह होते. आजच्या परीक्षकाच्या भिंगाखाली मात्र तीच खूण नाण्याच्या पृष्ठभागावरची इजा ठरू शकते.

आजच्या अंकपद्धतीचा जन्म अमेरिकेत झाला. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिच्यामागे सरळ बाजारी हिशेब होता. अत्यंत झिजलेला, कसाबसा ओळखू येणारा सेंट एक डॉलरला मिळत असेल, तर त्याच प्रकारचा निर्दोष सेंट सत्तर डॉलरला जावा. म्हणजे ७० हा आकडा किमतींच्या गुणोत्तरातून आला. शंभरापैकी सत्तर गुण असा त्याचा अर्थ नाही, जो पुष्कळ नवशिके लावतात. पुढे किमतींचे ते गुणोत्तर साफ कोलमडले. मोजपट्टी मात्र टिकली. याच शेल्डन महाशयांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९७७ नंतर, उघडकीस आले. पारखणाऱ्याची नजर आणि पारखणाऱ्याची नियत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

१९७२ मध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने 'अ‍ॅनॅक्स' ही सेवा सुरू केली. आरंभी ती केवळ नाणे खरे की बनावट एवढेच सांगे; १९७९ पासून दर्जाही देऊ लागली. खरा बदल घडला तो १९८६ मध्ये पी.सी.जी.एस. या खासगी संस्थेने काम सुरू केल्यावर. नाणे सीलबंद डबीत बसवायचे आणि दर्जा किंवा अस्सलपणा पुढे चुकीचा ठरला तर भरपाई द्यायची, अशी हमी तिने दिली. त्यापूर्वी विकताना नाणे 'जवळजवळ नवे' आणि विकत घेताना तेच 'बरेच वापरलेले', हा व्यापाऱ्यांचा नित्याचा खेळ होता. विक्रेता आणि ग्राहक या दोघांपैकी कोणाचाच नसलेला तिसरा पक्ष निकाल देऊ लागला, हेच या पद्धतीचे मर्म. १९८७ मध्ये एन.जी.सी. ही दुसरी मोठी संस्था उभी राहिली.

परीक्षणाची रीत साधारण अशी असते. नाणे मालकाच्या नावाशिवाय, केवळ क्रमांकाने परीक्षकांपुढे येते. दोन किंवा अधिक परीक्षक स्वतंत्रपणे अंक नोंदवतात आणि अखेरचा निर्णय एका ज्येष्ठ परीक्षकाकडे असतो. ठशाचा ठसठशीतपणा, झीज, चरे, मूळ चकाकी आणि काळाने चढलेली छटा हे सारे एकत्र विचारात घेतले जाते. ६० च्या खालचे अंक चलनात फिरून झिजलेल्या नाण्यांचे. ६० ते ७० हे टांकसाळीतून आल्यावर न वापरलेल्यांचे. पाचपट भिंगातून पाहूनही टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा एकही डाग दिसत नसेल तरच ७०. घासलेल्या, कोरलेल्या किंवा अन्य रीतीने बिघडवलेल्या नाण्याला अंक न देता केवळ 'डिटेल्स' अशी नोंद मिळते आणि सोबत दोषाचे नाव छापले जाते.

हा अंक म्हणजे गणिताचे उत्तर नव्हे, माणसाच्या डोळ्यांचे मत आहे. परीक्षणाच्या अचूकतेविषयी जाहिरातींत अतिशयोक्त दावे केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० मध्ये पी.सी.जी.एस.वर कारवाई केली होती व प्रकरण तडजोडीने मिटले. व्यापारी आजही डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात, यावेळी एक अंक वर मिळेल या आशेने. आणि कधी कधी तो मिळतोही. २००७ पासून सी.ए.सी. नावाची संस्था डबीतल्या नाण्यांचीच फेरतपासणी करून पसंत पडलेल्यांवर चिकटपट्टी लावू लागली. पारखीची पारख करणारा आणखी एक पारखी! शिवाय २००८ च्या सुमारास खुद्द डब्याच बनावट निघू लागल्या. म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी पडताळणे आणि तेथे छायाचित्र असेल तर समोरच्या नाण्याशी चरा न् चरा जुळवणे आवश्यक असते.

भारतीय नाण्यांच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. शेल्डनची मोजपट्टी यंत्रावर पाडलेल्या एकसारख्या नाण्यांना शोभते. मोगल रुपया हातोडीने पाडलेला. ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एखादा रुपया अगदी नवा करकरीत असला, पण 'जर्ब'पुढचे टांकसाळीचे नाव चकतीबाहेर गेले असले, तर अभ्यासकाला त्याचा उपयोग थोडाच. उलट पुष्कळ झिजलेल्या रुपयावर दुर्मिळ टांकसाळीचे नाव आणि हिजरी सन स्पष्ट असेल तर तो मोलाचा. प्राचीन नाण्यांसाठी एन.जी.सी.ने ७० चा आकडा बाजूला ठेवून ठशाला पाचपैकी आणि पृष्ठभागाला पाचपैकी असे वेगवेगळे गुण द्यायची पद्धत ठेवली आहे. हाताने पाडलेल्या कोणत्याही नाण्याला हीच वाट अधिक न्याय देणारी वाटते.

आणि येथेच लिपीच्या ज्ञानाचा प्रश्न येतो. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये शाह आलमच्या नावाने रुपये पाडताना जुलूस सन १९ हाच कायम ठेवला, कारण सन बदलला की सराफ बट्टा मागत. नाण्यावरचा जुलूस सन खरा मानणारा वाचक त्यामुळे कित्येक वर्षांनी चुकतो. हैदराबादच्या चारमिनार छापाच्या नाण्यांत कमानीखाली एक अक्षर आहे. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर 'मीम', मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर 'ऐन'. उस्मान अलींच्या अगदी पहिल्या नाण्यांवर तो 'ऐन' अपुरा, शब्दाच्या आरंभी लिहितात तसा, आहे. नंतर पूर्ण 'ऐन' आला. हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. उर्दू वाचणाऱ्या शाळकरी मुलाला जो फरक सहज दिसेल, तो सूचिपत्रावर विसंबणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकतो. ही नाणी ज्या घरांत अजून पेटीच्या तळाशी पडून आहेत, तेथेच बहुधा ती वाचणारी माणसेही आहेत. पण ती क्वचितच या क्षेत्राकडे वळतात.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया सर्वांना ठाऊक असतो. राजाच्या झग्यावरील पदकमालेतला हत्ती सोंड आखूड उमटल्याने डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. मुसलमान समाजात त्यावरून क्षोभ झाला आणि सरकारने नाणे मागे घेतले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले होते; उरलेले वितळवले. १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट काढली गेली. म्हणून १९११ चा म्हणून पुढे केलेला रुपया तपासताना परीक्षक आकड्याआधी झग्यावरचा हत्ती पाहील. सन खोडून नवा कोरणे सोपे, हत्ती बदलणे कठीण.

बनावटगिरीपेक्षाही अधिक नुकसान घरातल्या माणसांच्या हातून होते. चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी घेऊन जुना रुपया लखलखीत करणे म्हणजे त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा खरवडून टाकणे. ती काळसर छटा मळ नव्हे. चांदीवर दशकानुदशके जमलेला तो नैसर्गिक थर आहे आणि परीक्षक त्याच्यावरून नाण्याचा अस्पर्शपणा ओळखतो. पुतळ्यांच्या माळेतील किंवा हमेलमधील नाण्यांना कडी लावलेली असते. कडी काढून झाळ घासून टाकली तरी भिंगाखाली जागा उघडी पडते आणि 'डिटेल्स' हीच नोंद मिळते. अशी माळ मोडून सुटी नाणी विकण्यापेक्षा माळ म्हणून जपणे केव्हाही बरे.

परदेशी संस्थेकडे नाणे पाठवण्याचा विचार करणाऱ्याने कायदाही पाहिला पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'फक्त तपासणीसाठी' ही सबब पुरेशी नाही. १९११ चा रुपया २०११ मध्येच या मर्यादेत आला आणि दरवर्षी आणखी एका सनाची नाणी तीत शिरतात. शेतात किंवा घराच्या पायात नाण्यांचा घडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. डबीवरची पट्टी नाणे अस्सल असल्याचे सांगते. ते कोणाच्या मालकीचे आणि कोठून आले, याची नोंद तिच्यावर नसते. ती नोंद, म्हणजे नाणे कोणाकडून आले, केव्हा मिळाले, वजन किती आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे, घरच्या वहीत ज्याची त्यानेच ठेवायची असते.