कॉल क्लोज करण्यापूर्वी

मीरा रोडच्या नया नगरातल्या एखाद्या नर्सिंग होमचा किंवा सीएच्या कार्यालयाचा सर्व्हर बसला, की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, असेल तर इंजिनीअर पार्ट घेऊनच येतो. नसेल तर कोणीतरी लॅमिंग्टन रोड गाठतो आणि पिशवी सांभाळत ग्रँट रोडहून मीरा रोडची लोकल पकडतो. स्क्रू निघतात, जुना भाग बाहेर, नवा आत, दिवा हिरवा. मग सर्व्हिस रिपोर्ट पुढे येतो : ‘सर, सही करा, कॉल क्लोज करतो.’

ही सही दुसऱ्या दिवशी करावी, असं माझं मत आहे. हिरव्या दिव्यावरून मशीनने नवा भाग ओळखला, एवढंच कळतं. ज्या भाराखाली जुना भाग कोसळला, तो भार नवा पेलेल का, हे त्यावरून कळत नाही. आणि दोष त्याच भागात होता, हे तरी कुठे सिद्ध झालेलं असतं?

हा दुसरा प्रश्न रॅमच्या बाबतीत फार छळतो. सर्व्हरची रॅम ईसीसी जातीची असते. एका बिटची चूक झाली तर ती तिथल्या तिथे सुधारली जाते आणि फक्त लॉगमध्ये नोंद पडते. दोन बिट एकदम चुकले तर चूक पकडली जाते, पण सुधारता येत नाही; मशीन बहुधा तिथेच थांबतं. अशा चुका दुर्मीळ नसतात. गूगलच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांवर चुकांची नोंद झाली होती.

आता गंमत अशी, की दोष पट्टीत असतो, स्लॉटमध्ये असतो किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या वाकड्या पिनेतही असतो. मीरा-भाईंदरला खाडी आणि मिठागरं लागून आहेत. दमट, खारी हवा धातूच्या संपर्कबिंदूंना मानवत नाही. अशा वेळी तीच पट्टी काढून पुन्हा बसवली तरी घासून संपर्क साफ होतो आणि काही दिवस सारं सुरळीत चालतं. नवी पट्टी बसवतानाही नेमकं हेच घडतं, आणि श्रेय मात्र नव्या पट्टीला मिळतं. म्हणून बदलण्याआधी संशयित पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी. चूक पट्टीबरोबर सरकली तर पट्टी दोषी. जुन्याच स्लॉटवर राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरकडे पाहायचं. नंतर जुना लॉग जपून ठेवून नवा कोरा करावा, रात्रभर मेमटेस्ट चालवावा आणि सकाळी दोन गोष्टी बघाव्यात : लॉग कोराच आहे का, आणि रॅम पूर्ण क्षमतेने, पूर्वीच्याच वेगाने दिसते का. वेगळ्या वेगाची पट्टी मिसळली तर सगळीच रॅम मंद पट्टीच्या चालीने चालू लागते.

डिस्कचं प्रकरण वेगळं. इथे खरी कसोटी उरलेल्या जुन्या डिस्कांची असते. अनेक डिस्का जोडून केलेल्या रेड-५ ॲरेमध्ये एक डिस्क बदलली, की बाकीच्या सगळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवी भरावी लागते; हाच रीबिल्ड. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायची तरी सात तासांहून अधिक लागतात. कामकाज चालू असेल तर आणखी. त्या अवधीत दुसरी डिस्क गेली तर सारा डेटा गेला. डिस्का बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-अहवालावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा हिशेब मांडला, तेव्हा बिघडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी आधी कोणताच इशारा दिला नव्हता. तेव्हा आधी बॅकअप, मग रीबिल्ड, आणि रीबिल्ड संपल्यावर एकदा संपूर्ण ॲरेची कन्सिस्टन्सी तपासणी. बॅकअपमधून दोन-चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.

दुहेरी पॉवर सप्लायची परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत टाळली जाणारी. दोन्ही जोडलेले असताना नव्यावर अर्धाच भार पडतो. कार्यालय सुटल्यावर, बॅकअप हाताशी ठेवून, जुन्याची वायर काढा आणि सर्व्हरला पूर्ण कामाला जुंपा. तो तग धरतो की नाही, हे मार्चअखेरीस कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मदरबोर्ड बदलला असेल तर घड्याळाची तारीख, बूटचा क्रम, नेटवर्क कार्डाचा नवा पत्ता आणि त्यावर अडकलेली लायसन्सं पाहावीत. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की आधीच शोधून ठेवावी.

प्रत्यक्ष भार टाकून पाहण्याची ही रीत मोठ्यांनाही चुकलेली नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार दुपारपूर्वीच थांबले आणि पावणेचारला सुरू झाले. टेलिकॉम जोडण्या डळमळल्या होत्या, त्यात मुख्य केंद्रातली साठवण-यंत्रणा हाती लागेना. पर्यायी केंद्र होतं, पण काम तिकडे हलवलं गेलं नाही. पुढे २ मार्च २०२४ च्या शनिवारी एक्स्चेंजने विशेष सत्र घेतलं : सकाळी मुख्य केंद्रावरून, मग पर्यायी केंद्रावरून खरे सौदे.

आपल्या सर्व्हरसाठी एक रात्र पुरते. सकाळी रिपोर्टवर जुन्या-नव्या भागांचे सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती, कोणती चाचणी किती तास चालली आणि लॉग कोरा कधी केला, एवढं इंजिनीअरकडून लिहून घ्यावं. वॉरंटीत बदललेली डिस्क कंपनी परत मागते. ती बिघडलेली असली तरी तिच्यावर रुग्णांच्या नोंदी किंवा अशिलांची विवरणपत्रं अजून असतात, त्यामुळे ती आपल्याकडेच ठेवण्याची तरतूद एएमसीत आहे का, हे ती कुरियरवाल्याच्या हाती देण्याआधी पाहावं.