या, बसा, ऐका

२१ एप्रिलच्या संध्याकाळी पुण्यात टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात शिरताना कोणी तिकीट मागत नाही, नाव विचारत नाही, वहीत सहीसुद्धा घेत नाही. आत जायचं आणि रिकामी खुर्ची बघून बसायचं. पुढच्या एक-दोन रांगांतल्या खुर्च्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, तरी नवखा माणूस तिथं बसायला बिचकतो. तिथली मंडळी वर्षानुवर्षं त्याच जागी बसत आलेली असतात आणि शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरलेली असते. २० मेपर्यंत रोज एक, अशी तीस दिवसांची ही वसंत व्याख्यानमाला. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी ती सुरू केली. म्हणजे दीडशे वर्षं झाली.

वसंत म्हणायचं, पण पुण्यात तो रोकडा उन्हाळा. पंचांगानं चैत्र-वैशाखाला वसंत ठरवलं आहे, त्याला इलाज नाही. दिवस मात्र नेमके निवडलेले. शाळांना सुट्टी, कोर्टाला सुट्टी, दुपार घरात काढावी लागते आणि संध्याकाळी वारा सुटला की पाय आपोआप बाहेर वळतात. १८७१ साली बदलून पुण्यात आलेल्या न्यायाधीशाला हे वेळापत्रक पाठ असणारच. माला चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. हल्ली ते उच्चारताना सूत्रसंचालकाची जीभ अडखळते, पण हेतू त्या नावातच आहे: बोलणारी माणसं तयार व्हावीत. ऐकणारी माणसं तयार झाली, हा त्याचा मोठा फायदा.

फुकट ऐकणं आपल्याकडे नवं नव्हतं. देवळात कीर्तन-प्रवचन चालायचं आणि सभामंडपात बसायला पैसे पडत नसत. पण कीर्तनातलं आख्यान आधीच ठाऊक असतं, आणि बुवांना मध्येच उठून ‘हे मला पटत नाही’ म्हणायची सोय नसते. व्याख्यानात विषय नवा आणि मत वादाचं. ही चाल मुंबईत आधी पडली होती. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ साली सभा काढली आणि तिच्या मराठी शाखेत, ज्ञानप्रसारक सभेत, आपल्या भाषेत निबंध वाचायला सुरुवात केली.

पण १८७५ सालच्या पुण्यात व्याख्यान म्हणजे काय प्रकरण होतं, ते दयानंद सरस्वतींच्या मुक्कामावरून कळतं. रानडे आणि त्यांच्या मित्रमंडळींनी त्यांना बोलावलं. त्यांची पंधरा व्याख्यानं पुढे छापून निघाली, ‘उपदेश मंजरी’ म्हणून ती आजही वाचायला मिळतात. निरोपाची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली आणि चिखलफेक केली. चिखल अगदी शब्दशः. त्या मिरवणुकीत रानड्यांबरोबर जोतीराव फुलेही होते. आज एखाद्या वक्त्यावर बहिष्काराची हाक आली की ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणारे भेटतात. पूर्वी असंच होतं, फक्त चिखल ओला होता.

याच फुल्यांनी दहा वर्षांनी रानड्यांना नकार दिला. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण त्यांना गेलं, त्याचं उत्तर त्यांनी पत्रानं पाठवलं. आशय असा, की ज्यांना सगळ्यांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभा मिळत नाहीत. मोफत व्याख्यानांचं कौतुक करताना हे पत्र बाजूला ठेवता येत नाही. दारात कोणी अडवत नाही म्हणजे सगळ्यांना आत यावंसं वाटतं असं होत नाही. भाषा कुणाची, उदाहरणं कुठल्या घरातली, हशा कशावर पिकतो, हे नवखा माणूस पाच मिनिटांत ओळखतो.

बायकांचंही तेच. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, व्याख्यानं दिली. ती ऐकायला जाणाऱ्या रमाबाई रानड्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांच्या आठवणींत सविस्तर आलं आहे. व्याख्यानमाला ज्याच्या पुढाकारानं उभी राहिली, त्याच्याच घरातून व्याख्यानाला जायची किंमत अशी होती. प्रवेश तेव्हाही मोफतच होता!

आणि तरीही पुण्यातल्या या सभागृहांनी पुढे जे ऐकलं, ते पाहून थबकायला होतं. रावबहादूर रा. रा. काळ्यांच्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. त्यांच्या नावाच्या वार्षिक व्याख्यानासाठी २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी कलमवार चिरफाड केली. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या जन्मदिनी, डेक्कन सभेच्या व्यासपीठावर ते पुन्हा बोलले. विषय होता रानडे, गांधी आणि जिना. जयंतीच्या व्याख्यानात गोडगोड बोलायची रीत आहे. बाबासाहेबांनी विभूतिपूजेवरच कोरडे ओढले. दोन्ही व्याख्यानं पुस्तकरूपानं उरली आहेत. चांगल्या व्याख्यानाची माझी कसोटी साधी आहे: टाळ्या थांबल्यावर ते कागदावर उभं राहतं का.

पुण्याबाहेर निघालो तर नाशिक आधी. तिथली वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची, मे महिन्यात, गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात. चार भिंती नसल्यानं तिला वेगळीच मजा येते. देवदर्शनाला आलेला माणूस चप्पल शोधता शोधता दोन वाक्यं ऐकतो आणि थांबतो. कोणी भेळेचा पुडा घेऊन पायरीवर टेकतो. अशा ऐकणाऱ्याला धरून ठेवणं म्हणजे वक्त्याची खरी परीक्षा, कारण उठून जायला त्याला काहीच संकोच नसतो. मिरजेत खरे मंदिर वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला आहे, संगमनेरला तिथल्याच शाहीर अनंत फंदीच्या नावाची. गोव्यात गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी यांच्या जन्मशताब्दीनंतर २००८ पासून त्यांच्या नावानं विचार महोत्सव सुरू झाला.

विद्यापीठांनीही यात हात घातला, आणि त्यासाठी मराठीनं एक सुरेख शब्द घडवला: बहिःशाल. शाळेच्या बाहेरचं शिक्षण. इंग्लंडात केंब्रिजनं १८७३ साली जेम्स स्टुअर्टच्या खटपटीनं गावोगाव प्राध्यापक पाठवायला सुरुवात केली होती. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची माला पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या नावानं चालते. तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या सभागृहात ही व्याख्यानं होतात. नाटक-सिनेमावाले सहसा फिरकत नाहीत तिथं एखादा प्राध्यापक एसटीनं येऊन तासभर बोलून जातो, याचं मोल शहरात बसून कळत नाही.

‘मोफत’ हा शब्द श्रोत्यापुरता खरा. वक्त्याचं प्रवासभाडं, मानधनाचं पाकीट, सभागृहाचं भाडं, ध्वनिवर्धक, पत्रिकेची छपाई, शाल-श्रीफळ, हे सगळं कोणी तरी भरतच असतं. म्हणून तर प्रत्येक दिवस कुणाच्या तरी स्मृत्यर्थ असतो आणि सुरुवातीची दहा मिनिटं त्या नावांत जातात. आपण कुरकुरतो. पण आपल्या वडिलांच्या नावानं हॉटेलात जेवण घालण्याऐवजी गावाला एक व्याख्यान घालणारा मुलगा मला तरी आवडतो. मला खटकतं ते वेगळंच. गर्दी जमावी म्हणून गाजलेला चेहरा बोलवायचा आणि त्यानं विषय बाजूला ठेवून तासभर आपल्याच आठवणी सांगायच्या. त्यापेक्षा चाळीस श्रोत्यांसमोर भूजलावर बोलणारा अभ्यासक परवडला.

अभ्यासक जिथं मुद्दाम ऐकायला मिळतात अशा जागा आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०, राजवाडे आणि मेहेंदळ्यांची) पाक्षिक सभेत निबंध वाचायची प्रथा आहे. एखाद्या मोडी पत्राच्या तारखेवरून तिथं जे शांत, सभ्य आणि अतिशय बोचरं भांडण होतं, ते टीव्हीवरच्या चर्चांना साधणार नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं २००९ साली ‘चाय अँड व्हाय’ सुरू केलं. रविवारी सकाळी ११ वाजता जुहूच्या पृथ्वी थिएटरात किंवा माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात जायचं, चहा घ्यायचा आणि शास्त्रज्ञाला काहीही विचारायचं. नावातच ‘का’ आहे.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत महिन्याचा दुसरा शनिवार मात्र मुलांचा. शाळकरी मुलांसाठी चंद्रशेखर सभागृहात इंग्रजीत व्याख्यान होतं आणि तेच पुन्हा मराठीत किंवा हिंदीत होतं. या ‘पुन्हा’साठी मी त्या संस्थेला हात जोडतो. सभागृहाचं दार उघडलं तरी भाषेचं दार बंद असलं, तर झेडपीच्या शाळेतलं पोर बाहेरच राहतं.

संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर गेले ते २०२५ च्या २० मे रोजी, पुण्यातच. व्याख्यान संपलं की मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची. ते सही देत नसत. घरी जा, एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल, असं सांगत. मग पोस्टकार्डं येत, आणि ते उत्तरं लिहीत बसत.