आपलं घरचं बेट

वेस्ट इंडीजची बेटं आमच्या पिढीला क्रिकेटमुळे तोंडपाठ. सोबर्स बार्बाडोसचा, हे शाळकरी पोरही सांगे. पण डोंबिवलीहून निघालेली आमची स्लो लोकल कळवा सोडून खाडीचा पूल ओलांडते, तेव्हा आपण साष्टी बेटावर येतो, हे डब्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? उल्हास नदी, वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि समुद्र यांनी वेढलेलं, सहासष्ट गावांचं म्हणून साष्टी!

कॅरिबियन बेटांप्रमाणेच याच्यावरही अनेकांचा डोळा. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली जिंकला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज तिथे कारागृह आहे. त्याआधीचा इतिहास कान्हेरीच्या लेण्यांत वाचावा. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं तिथल्या शिलालेखांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कोरली गेली.

सुट्टीत मी पाहुण्यांना मासुंदा तलाव, कौपीनेश्वर आणि सेंट जॉन चर्च दाखवतो. थंडीत खाडीवर गुलाबी रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये इथे त्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नावही लागलं. तरीही कांदळवनाला भरावाची धास्ती आहेच. कांदळवन गेलं, तर भरतीचं पाणी वस्तीत शिरेल आणि पाखरं दुसरीकडे जातील.

तेव्हा वाचकहो, या हिवाळ्यात एक रविवार मुलांना खाडीवर न्या. परदेशातली बेटं सावकाश पाहता येतील.